चंद्राचे गोटे आणि आमचे इवाई

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर आमचे इवाई, म्हणजे माझ्या सुनेचे वडील पंजाबराव, काळा चष्मा लावून रिठदला आमच्याकडे राहायला आले आणि पहिल्याच दिवशी माझी खुर्ची गेली.

कोणी ती हिसकावून घेतली असं नाही. मीच म्हणालो, "बसा इवाई." ओसरीवरची ती प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी विणलेली लोखंडी खुर्ची मी उजेडासाठी त्या कोपऱ्यात ठेवली होती, वाचायला बरं पडतं म्हणून. त्यांना उजेड नकोच होता. डॉक्टरांनीच उजेडापासून जपायला सांगितलं होतं. पण इवायाला 'तिथं नका बसू' असं कोण म्हणतं? पाणी आधी त्यांना, ताट आधी त्यांना, आणि ते बोलत असताना आपण मान हलवायची, अशी आमच्याकडची रीत. माझा मुलगा प्रसेनजित नोकरीमुळे पुसदला असतो, रविवारी येतो. त्यामुळे मान हलवायला घरात पुरुष माणूस मी एकटाच होतो.

"लेकीच्या घरचं पानी बी पिऊ नाई म्हनत जुने लोकं," इवाई खुर्चीत बसता बसता म्हणाले. "अन् मी त आता महिनाभर जेवनार हाय. ईनबाई, तुमी मले हाकलसान त नाही?"

माझी बायको लिलाबाई पदर तोंडाशी नेऊन हसली. माझ्या बोलण्याला ती शेवटची कधी हसली होती ते मी आठवू लागलो. आठवलं नाही.

मी रिसोडच्या एका वाचनालयात नोकरी केली. पुस्तकं द्यायची, परत घ्यायची, फाटलेल्यांना पुठ्ठा चिकटवायचा. वाचनालयाने रद्दीत काढलेली पुस्तकं मी घरी आणत गेलो. कुणाला मुखपृष्ठ नाही, कुणाची शेवटची पानं नाहीत. त्यामुळे मला पुष्कळ गोष्टींची सुरुवात माहीत आहे, शेवट माहीत नाही. चारचौघांत बोलायची वेळ आली की आधी तोच विचार येतो, की आपण वाचलं त्याच्या पुढच्या पानावर काही वेगळं तर लिहिलेलं नसेल?

माझी नात साक्षी नववीत आहे. ती शाळेतून आली की ओसरीच्या पायरीवर बसायची आणि मला एक प्रश्न विचारायची. मी म्हणायचो, "उद्या सांगतो." उत्तर माहीत असलं तरी हेच म्हणायचो, कारण पुस्तकात पाहून खात्री केल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द निघत नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पायरीवर बसे, मी उत्तर सांगे, आणि ती नवा प्रश्न टाके. गाव पारावर बसतं, हॉटेलात बसतं, विहारात बसतं. माझी बैठक एवढीच होती. एक खुर्ची, एक पायरी.

इवायांच्या डोळ्यात औषध टाकायचं काम साक्षीने आपल्याकडे घेतलं. ते मान मागे टाकत, ती थेंब सोडी, आणि मग डोळे मिटून पडायचं तेवढा वेळ ती त्यांना प्रश्न विचारी. माझे प्रश्न.

"नाना, वीज आधी दिसते आणि आवाज मागून का येतो?"

"डोळे म्होरं हायेत बाई, कान बाजूले. म्हून."

ती खळखळून हसली. त्या उत्तरात काहीच खरं नव्हतं, आणि ते तिलाही कळत होतं. पण ते त्याच क्षणी मिळालं होतं. मला ती एकदा म्हणाली होती, "आबा, तुमचं उत्तर येईपर्यंत माझा प्रश्न शिळा होतो." तेव्हा ते मला लाडाचं वाटलं होतं.

एका संध्याकाळी ती मोबाईल घेऊन बाहेर आली. आता ती पायरीवर न बसता खुर्चीच्या दांडीला टेकून उभी राहत असे. मी आत दाराशी स्टुलावर होतो. खुर्चीपासूनच तिने मला विचारलं, "आबा, या व्हिडिओत म्हणतात, चंद्रावरून आणलेले दगड खोटे आहेत. परदेशातल्या एका संग्रहालयाने आपला दगड तपासला तर ते लाकूड निघालं. खरं आहे का?"

ते मी वाचलं होतं. तो कुणाला तरी भेट म्हणून आलेला खडा होता, यानांनी आणलेल्या दगडांशी त्याचा संबंध नव्हता. पण नक्की कुणाला, कधी? मी म्हणालो, "थोडं बघावं लागेल. उद्या सांगतो."

"उद्या कायले?" खुर्चीतून आवाज आला. "मी आत्ता सांगतो ना. खोटे हायेत. सगळेच्या सगळे. म्या सोता उचलून देल्ले त्याईले."

"कुणाला?"

"अमेरिकावाल्याईले."

साधना, माझी सून, पोळ्या टाकून बाहेर आली. इवायांनी चष्मा नीट केला. अशा वेळी ते अगदी सावकाश बोलतात.

"लोनारजवळ माह्या मामाचं गाव. मी तिथं होतो, मिसरूड नोतं फुटलं. तवा गोरे साहेब आलते जीप घेऊन. खाली तळ्यात मशीन लावून भोकं पाडत, अन् काठावरचे गोटे येचत. पेट्या भराचं काम माह्याकडं. लाकडी पेटी, अंदर कापूस, अन् त्यात एकएक गोटा असा निजवाचा, लेकरावानी. इतल्या कापसात त माह्या मायनं मले बी कधी निजवलं नसन."

"मग?"

"मंग एका साहेबानं मले फोटो दाखवला, चांदाचा. निरा खड्डेच खड्डे. तो बोट करे फोटोकडं, मंग बोट करे माह्या हातातल्या गोट्याकडं, अन् हसे. म्या तवाच वळखलं. हे इथून गोटे नेतात अन् तिकडं सांगतात, चांदावून आनले. काहून की दिसाले तसाच, काळा, भोकाभोकाचा. अन् सांग बरं, चांदावर जानं सस्तं का लोनारले येनं सस्तं?"

"मग आपलं यान गेलं ते, नाना?"

"ते खरं हाय. ते आपलं हाय."

सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसणं दिसलं असतं.

साक्षी मात्र पुढे गंभीर झाली. विज्ञान दिनाला शाळेत तिला भाषण करायचं होतं आणि विषय सुचत नव्हता. "सुचला," ती म्हणाली. "चंद्राचे दगड लोणारचे. आणि माझ्या घरात साक्षीदार आहे."

हे ऐकून मला जे वाटलं त्याला मी काळजी असं नाव दिलं. पोरगी शाळेसमोर उभी राहून चुकीचं बोलेल, शिक्षक हसतील, ही काळजी खरीच होती. पण खोटं कशाला बोलू? शाळेपुढे ती त्यांचं बोलणार, माझं नाही, हे मला सोसत नव्हतं.

मी प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी ती दप्तर भरत असताना तिच्याजवळ गेलो. म्हणालो, "साक्षी, चंद्राच्या दगडांवर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात. अवकाशातली धूळ आदळून झालेले. त्या दगडांत पाण्याचा अंश जवळजवळ नाही. आणि रशियाच्या यंत्रानेही माती आणली होती, अलीकडे चीननेही आणली. अमेरिकेचं खोटं असतं तर रशियाने गप्प का बसावं?"

तिने सगळं ऐकून घेतलं. ती चांगली मुलगी आहे. मग म्हणाली, "पण आबा, नाना तिथं होते."

मी कुठेच नव्हतो. माझं सगळं वाचलेलं.

लिलाबाईच्या नजरेतून काही सुटत नाही. जेवताना म्हणाली, "अवो, इवाई आल्यापासून तुमचं तोंड असं काहून? पित्त झालं का?"

"पित्तच," मी म्हणालो.

पुढचे काही दिवस मी दुपारभर आतल्या खोलीत पुस्तकांच्या ढिगाऱ्यात बसलो. बाहेरून हसण्याचा आवाज येई. लोणारचं काहीतरी सापडेल म्हणून मी भूगर्भशास्त्राचं एक पुस्तक काढलं, मुखपृष्ठ नसलेलं, वाळवीने कडा खाल्लेलं. आणि त्यात ते सापडलं. चंद्राच्या आपल्याला दिसणाऱ्या बाजूचा बराच भाग आपल्याकडच्या काळ्या दगडासारख्या लाव्ह्याचा आहे. तशा काळ्या दगडात आकाशातून उल्का पडून झालेला खड्डा पृथ्वीवर फार विरळा, आणि लोणार तसा आहे. म्हणून चंद्रावरचे दगड हाती आल्यावर, ते ताडून पाहायला शास्त्रज्ञांना लोणारचे दगड हवे होते.

मी ते पान दोनदा वाचलं.

म्हणजे साहेबाने फोटो दाखवला तो उगाच नव्हता. इवायांची गोष्ट खोटी होती, आणि तिच्या खाली दडलेली खरी गोष्ट तिच्यापेक्षा मोठी होती. अक्षरओळख जेमतेम असलेल्या या माणसाच्या हातून गेलेले दगड कदाचित चंद्राच्या दगडांशेजारी मांडले गेले असतील. आयुष्यभर पुस्तकं वाहणाऱ्या माझ्या हातून असं काय गेलं?

त्याच प्रकरणात आणखी एक ओळ होती. लोणारचं खोदकाम चंद्रावर माणूस उतरल्यानंतर काही वर्षांनी झालं होतं. ती ओळ मी घेतली. बाकीचं पान मिटलं आणि पुस्तक ढिगाऱ्याच्या तळाशी सारलं.

संध्याकाळी शेतातून हरभऱ्याचे डहाळे आले होते. अंगणात पालापाचोळा पेटवून साधनाने ते भाजले, आणि आम्ही सगळे भोवती बसून काळे झालेले घाटे सोलून खात होतो. शेजारचा लखीरामही येऊन बसला होता. साक्षी इवायांना दाणे सोलून देत होती, त्यांना राखेजवळ वाकायचं नव्हतं म्हणून.

"सांगा ना इवाई, ते गोट्याचं," लखीराम म्हणाला.

इवायांनी सांगितलं. कापूस या वेळी जास्त होता आणि साहेब दोन झाले होते. ते थांबल्यावर मी बोललो. माझा आवाज मलाच परका वाटला.

"इवाई, ते पेट्यांचं काम मिळण्याआधी तुम्ही काय करत होता?"

"आधी? आधी गिट्टी फोडत होतो ना रोडाची. सरकारी काम. लाल मिलोची, त्या अमेरिकेच्या जवारीची, भाकर खाऊ खाऊ पोट दुखे. ईनबाईले इचारा, त्या साली कोनं नाई खाल्ली?"

"बहात्तरचा दुष्काळ," लिलाबाई म्हणाली. "कोन इसरन?"

"म्हणजे पेट्या तुम्ही त्याच्यानंतर भरल्या."

"व्हय. मंग?"

"चंद्रावरून पहिले दगड आले एकोणसत्तरला. तुम्ही गोटे उचलायच्या आधीच ते येऊन पडले होते."

साक्षीने मोबाईल काढला, पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "आबांचं बरोबर आहे." लखीराम मोठ्याने हसला. "अरारारा! इवाई, तुमचे गोटे त लेट झाले!"

मी इवायांकडे पाहिलं. त्यांनी वाद घालावा, चिडावं अशी माझी इच्छा होती. ते फक्त हातातले दाणे ताटलीत परत टाकत म्हणाले, "असन बा. मी काय शिकेल हाय? मले जसं समजलं तसं सांगतलं."

मी जिंकलो होतो. आता साक्षी माझ्याकडे येईल म्हणून मी सरकून जागाही केली. ती उठली आणि इवायांच्या आणखी जवळ जाऊन बसली. ताटलीतले दाणे फुंकून पुन्हा त्यांच्या हातात दिले. मग मला म्हणाली, "तुम्ही तर नेहमी उद्या सांगता, आबा. आज लखीरामकाकांसमोरच काहून सांगितलं?"

सकाळी इवायांनी जाहीर केलं की डोळा आता चांगला आहे आणि तिकडे आपल्या गावी, शिरपूरला, घर उघडं टाकून चालत नाही. साधना आत त्यांची पिशवी भरत होती. तिने माझ्यासमोर चहा ठेवला तो कपबशी वाजवून. इवाई पायरीवर बसले होते, साक्षीच्या जागेवर. खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली होती. रिसोडची एसटी यायला वेळ होता. मी खुर्चीकडे पाहिलं, पण बसवेना.

माझ्या मनात आलं, जाऊ दे त्यांना. आठवड्याभरात साक्षी विसरेल. ते पान कुणालाच माहीत नाही. पण ते पान मला माहीत होतं, आणि मी जन्मभर एक काम तेवढं नीट केलं, मागणाऱ्याच्या हातात त्याचं पुस्तक ठेवलं. हे पुस्तक त्यांचं होतं.

मी आत जाऊन ढिगारा उपसला.

"इवाई, एक सांगायचं राहिलं."

"सांगा ना," ते रस्त्याकडे पाहत म्हणाले. "अजून काय राह्यलं माह्यातलं?"

मी वाचायला लागलो. वाळवीने खाल्लेले शब्द मनाने भरत, अडखळत. साक्षी दारात येऊन उभी राहिली, साधना पिशवी हातात घेऊन तिच्या मागे. वाचून झाल्यावर मी म्हणालो, "म्हणजे, चंद्राचे दगड नीट ओळखता यावेत म्हणून त्यांना लोणारचे दगड हवे होते. तुम्ही भरलेल्या पेट्या कदाचित त्या दगडांशेजारी ठेवल्या असतील. मला खात्रीने सांगता येणार नाही. पण साहेब फोटो दाखवून हसला, ते याच्यासाठी असेल."

इवायांनी चष्मा काढला. काढायचा नव्हता, पण काढला. पुस्तकाच्या पानावरून त्यांनी बोट फिरवलं.

"कापूस चांगला भरला होता म्या," ते म्हणाले. "एक बी गोटा हालला नसन."

मला वाटलं होतं, हे इथेच थांबेल. पण त्यांनी चष्मा पुन्हा चढवला, आणि त्याबरोबर आवाजही परत आला. "म्हंजे असं म्हना ना इवाई, चांदाचा गोटा खरा का खोटा, हे माह्या गोट्यावून ठरलं!"

"तसं अगदी म्हणता—"

"साधना, पिशवी ठेव बरं अंदर. अन् लखीरामले बोलाव."

ते उठले आणि खुर्चीत जाऊन बसले. एसटी आली आणि गेली. मीच त्यांना त्या खुर्चीत बसवलं होतं, आधी रीत म्हणून, आता स्वतःच्या हाताने. चरफडत मी पुस्तक मिटलं.

साक्षी माझ्याजवळ आली. "हे कधी वाचलं, आबा?"

"काल दुपारी."

"मग काल संध्याकाळी का नाही सांगितलं?"

उत्तर मला ठाऊक होतं, आणि त्यासाठी कुठलंही पुस्तक पाहायची गरज नव्हती. मी म्हणालो, "उद्या सांगतो." ती हसली नाही. आत निघून गेली.

विज्ञान दिनाला शाळेच्या पटांगणात मांडव होता. इवाई पहिल्या रांगेत, काळा चष्मा, पांढरा सदरा, जणू तेच पाहुणे. मी मागे लिंबाच्या झाडाखाली उभा राहिलो. साक्षी बोलली ते चांगलं बोलली. व्हिडिओत काय म्हणतात ते सांगितलं, सुईच्या टोकाएवढे खड्डे सांगितले, रशिया आणि चीन सांगितलं. मग लोणार सांगितलं आणि म्हणाली, "माझ्या नानांनी ते दगड कापसात ठेवले होते." टाळ्या पडल्या. इवायांनी उठून हात जोडले. माझं नाव आलं नाही. मी झाडाच्या सालीवरच्या मुंग्या पाहत होतो.

रिसोडहून आलेल्या शिक्षकांनी तिला एक प्रश्न विचारला. "लोणारचा दगड चंद्राच्या दगडासारखा आहे म्हणतेस, तर मग त्याच्यावर ते सुईएवढे खड्डे का नसतात?"

तिने हातातला कागद उलटून पाहिला. पोरं कुजबुजली. पहिल्या रांगेतून इवायांचा आवाज आला, "अवं सांगून टाक ना काईबी!"

"मला वाटतं मला माहीत आहे, सर," साक्षी म्हणाली. "पण बघून उद्या सांगते."

पटांगण हसलं. शिक्षकही हसले. मी झाडाला हात टेकला.

परतताना गावातले लोक इवायांना थांबवून चांदाच्या गोष्टी विचारत होते. ते थांबत, सांगत, पेट्या वाढत. मी मागून चाललो होतो. साक्षी गर्दीतून मागे आली आणि माझ्या बरोबरीने चालू लागली.

"हवेमुळे ना, आबा?" तिने हळू आवाजात विचारलं. "धूळ वरच्या वर जळून जाते. चंद्रावर हवाच नाही."

"मलाही तसंच वाटतं."

"पण बघू घरी."

"बघू."

इवायांनी मागे वळून पाहिलं. "काय चालू हाय आजा-नातीचं? आमाले बी सांगा ना!"

"काही नाही, इवाई," मी म्हणालो. "तुम्ही चला पुढे."